पाच संचालक आणि एक सेनापती

आमच्या अभ्यासवर्गात फ्रेंच राज्यक्रांती निघाली की गाडी १७८९ च्या पुढे जात नाही. बास्तीय पडला, टाळ्या, संपले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही तर बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले, तेही आम्हाला पाठ आहे. पण ज्या देशाने ही घोषणा दिली तिथे दहा वर्षांत सेनापतीचे राज्य कसे आले, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. आमच्या वस्तीच्या समितीचे जे झाले, त्यानंतर विचारावे लागले.

१७९४ मध्ये रोबेस्पिअर गेला. मागे उरलेल्यांना दोन भीती होत्या : एक हुकूमशहाची, दुसरी गरिबांची. पहिलीवर उपाय म्हणून १७९५ च्या संविधानात सत्ता पाच संचालकांच्या मंडळाकडे दिली, खाली दोन सभागृहे. दुसरीवर उपाय म्हणून मताधिकारच छाटला. १७९३ च्या संविधानाने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले होते, ते अमलात आलेच नाही. आता कर भरेल त्याला मत, आणि प्रतिनिधी प्रत्यक्षात निवडणार देशभरातले तीसेक हजार मालमत्तावाले. वर हुकूम असा की नव्या सभागृहांत दोन तृतीयांश लोक जुनेच असले पाहिजेत! हेच संविधान पुन्हा पुन्हा मोडले गेले, तेही ते लिहिणाऱ्यांच्याच गोटातून.

१७९७ च्या निवडणुकीत राजेशाहीवाले जिंकले. तिघा संचालकांनी पॅरिसमध्ये फौज आणली आणि ४९ जिल्ह्यांचे निकाल रद्द केले. १७९८ मध्ये डावे जिंकले, तेव्हा शंभरावर निवडून आलेल्यांना घरी पाठवले. दोन्ही वेळा कारण एकच : प्रजासत्ताक वाचवायचे आहे. पहिल्या वेळी धोका खरा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण बाबफ १७९३ च्या संविधानासाठी आणि जमीन सर्वांची व्हावी म्हणून उभा राहिला, तर त्यालाही गिलोटीनखाली पाठवले.

मित्रांनो, आता आमचे. आमच्या जयंती व वाचनालय समितीच्या निवडणुकीत आम्हाला न आवडणारा गट जिंकला. एका पक्षाची माणसे आहेत, चळवळ विकतील, असे म्हणत आम्ही सभासदत्वाच्या पावत्या उशिरा फाडल्याचे कारण काढले आणि निकाल रद्द केला. पुढच्या वर्षी दुसऱ्याच गटाचा तसाच रद्द केला. तिसऱ्या वर्षी सभेला अकरा माणसे आली. मग एक पैसेवाले भाऊ म्हणाले, सगळे माझ्यावर सोडा. आम्हीच त्यांच्या गळ्यात हार घातला. वाचनालयाची किल्ली आज त्यांच्या खिशात आहे.

पॅरिसमध्येही सेनापतीला बोलावणारा बाहेरचा नव्हता. सिएस स्वतः संचालक होता, १७८९ मध्ये सामान्यांच्या हक्काची पुस्तिका लिहिणारा. त्याला एक तलवार हवी होती, नेपोलियन मिळाला. १० नोव्हेंबर १७९९ रोजी सँ-क्लूच्या सभागृहात सदस्यांनी आरडाओरडा केला तेव्हा हा शूर सेनापती गांगरला होता. त्याचा भाऊ ल्युसियाँ सभागृहाचा अध्यक्ष होता. त्यानेच बाहेर जाऊन सैनिकांना भडकवले आणि संगिनींनी सभागृह रिकामे झाले. पॅरिसचे कामकरी उठले नाहीत. का उठावे? त्यांचे मत आधीच गेले होते. १८०० च्या जनमताचे आकडे जाहीर झाले : तीस लाख बाजूने, विरोधात १५६२. मोजणी गृहमंत्र्याच्या खात्याकडे होती. गृहमंत्री ल्युसियाँच!

किंमत कोणी मोजली तेही पाहा. १७९४ मध्ये रद्द झालेली वसाहतींतली गुलामगिरी नेपोलियनने १८०२ मध्ये परत आणली. हैतीचे लोक मात्र लढले आणि १८०४ मध्ये स्वतंत्र झाले. त्याच वर्षी तो सम्राट झाला.

राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिलेला इशारा आम्ही दरवर्षी वाचतो. तो भाऊंसारख्यांबद्दल आहे असेच आम्हाला वाटायचे. हार आणणाऱ्यांबद्दल आहे, हे उशिरा कळले.

मागच्या रविवारी आम्ही चौघे, ज्यांचा निकाल पहिल्यांदा रद्द केला त्या काकांच्या घरी गेलो. चूक झाली म्हणालो, पुन्हा निवडणूक घेऊ, तुम्ही या. काकांनी चहा दिला. मग आतून एक जुनी पिशवी आणून समोर ठेवली. त्यात त्या वर्षीच्या सगळ्या पावत्या होत्या, तारखेसकट.

"आता मोजा," म्हणाले.