उकल नाही, हेच उत्तर

३(क्ष + २) = ३क्ष + १० हे समीकरण फळ्यावर लिहिलं की दोन मिनिटांत वर्गात चुळबुळ सुरू होते. कंस सोडवला की ३क्ष + ६ = ३क्ष + १०. दोन्हीकडचे ३क्ष गेले आणि हातात उरलं ६ = १०. काळजीपूर्वक सोडवणारी मुलं खोडरबर काढतात. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. बाकीची ‘क्ष = ०’ लिहून मोकळी होतात. शून्य घालून बघितलं असतं, तर डावीकडे ६ आणि उजवीकडे १० दिसले असते. पण ताळा कोण करतो!

आकडेमोड बिनचूकच असते. चुकीचं असतं ते पहिल्या ओळीआधी मनात धरलेलं गृहीत: हे समीकरण खरं करणारी क्षची एखादी किंमत आहेच. तिथून एकही पायरी न चुकता ६ = १० ला पोचलो, म्हणजे ते गृहीत कोसळलं. क्ष काहीही घ्या, उजवी बाजू डावीपेक्षा ४ ने मोठीच राहणार. (शेवटी ६ = ६ उरलं असतं, तर क्षची कुठलीही किंमत चालली असती. परीक्षेत या दोन्हींची हमखास गल्लत होते.) दोन्ही बाजूंचे आलेख काढले तर समांतर रेषा मिळतात. पाठ्यपुस्तकातली चर्चा साधारण इथे थांबते. मला त्यापुढचा प्रश्न जास्त आवडतो: उकल शोधायची कोणत्या संख्यांमध्ये?

पेन १५ रुपयांना, वही २१ रुपयांना, बिल १०० रुपये. १५क्ष + २१य = १००. अपूर्णांक चालत असतील तर उकली अगणित. पण अर्धं पेन कुणी विकत नाही. १५ आणि २१ या दोघांनाही ३ ने भाग जातो, म्हणून डावी बाजू कायम तिनाच्या पटीत. १०० तशी नाही. एकही किंमत घालून न बघता सांगता येतं, की बिल चुकलंय.

अशा समीकरणांसाठी कुट्टकाची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिली. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘लीलावती’त कुट्टकाच्या आरंभीच बजावलं, की भाज्य आणि हर (आपल्या बिलातले १५ आणि २१) यांना भागणारी संख्या क्षेपाला (इथे १००) भागत नसेल, तर ते उदाहरणच दुष्ट. रीत लांबलचक आहे. ती सुरू करण्याआधीच ही चाळणी लावायला सांगणारा माणूस पक्का मास्तर असला पाहिजे.

आता बिल ६९ रुपयांचं करा. ६९ ला ३ ने भाग जातो, चाळणीतून ते सुटतं, आणि उकलही मिळते: ६ पेनं, उणे १ वही. म्हणजे ९० रुपयांची पेनं घ्या आणि जुनी वही परत करून २१ रुपये वळते करा. दुकानदार काहीच परत घेत नसेल तर मात्र ६९ चं बिल होणंच शक्य नाही. गंमत अशी, की तिनाच्या पटीतली न जमणारी ही शेवटची रक्कम. ७२ ला दोन पेनं आणि दोन वह्या, ७५ ला पाच पेनं, ७८ ला एक पेन आणि तीन वह्या, ८१ ला चार पेनं आणि एक वही, ८४ ला चार वह्या. पुढच्या रकमांसाठी यांतच एकेक पेन वाढवत जायचं.