पावण्याची बॅग कुठे ठेवायची?

आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांत 'गेस्ट बेडरूम' नावाची खोली नव्हती. पावणे मात्र भरपूर होते. चवथीला, जत्रेला, मे महिन्यात आंब्या-फणसांच्या दिवसांत घर माणसांनी नुसते फुलून जायचे. पुरुषमंडळी बाहेर सोप्यावर, बायका-मुले आत ओळीने चटया घालून. आणि कपडे? भिंतीत खुंट्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत वलण बांधलेली होती, आणि पत्र्याची ट्रंक जागा मिळेल त्या कोपऱ्यात. साडी सोडली, झटकली, वलणीवर टाकली. वारा लागायचा. संपला विषय.

कपाट आमच्याकडे तसे उशिराच आले. 'अलमारी' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मारिओ'वरून आला. कोकणीत आपण आर्मार म्हणतो. शर्टाचे काज आणि परकराची फीतही तिकडचीच. (बुतांव आणि तुवालो यांचे तर विचारायलाच नको.) म्हणजे कपड्यांची निम्मी भाषा पोर्तुगीज झाली, पण कपडे ठेवायची रीत कितीतरी वर्षे पेटारा, ट्रंक, खुंटी, वलण हीच राहिली. काही सुखवस्तू घरांत चीनकडून आलेली कापराच्या लाकडाची पेटी असायची. ते भाग्य आमच्या घराचे नव्हते.

आमचे घर फोंडा तालुक्यात. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याला आलेल्या खोल्यांतली एक ही नऊ बाय दहाची. पश्चिमेला एकच खिडकी. पूर्वी ही बाळंतिणीची खोली. माझा नवरा आणि माझी नणंद, दोघेही इथेच जन्मले. पुढे ती पावण्यांची खोली झाली. पावण्यांची खोली म्हणजे काय, हे गृहिणींना सांगायला नको. घरात ज्या वस्तूला दुसरीकडे जागा नाही ती तिथे जाते, आणि मग उरलेल्या जागेत पावणा. सासूबाईंचे लोखंडी कपाट तिथेच होते, आरसा असलेले. आत त्यांच्या साड्या, जास्तीचे पडदे, उत्तरेच्या यात्रेसाठी एकदाच घेतलेले स्वेटर, वर रिकाम्या सुटकेसी.

नणंद बेळगावला दिली आहे. दर चवथीला पाच दिवस माहेरी येते. आली की दारातूनच विचारायची, "आई, बॅग खंय दवरूं?" आणि सासूबाई रांधपातून ओरडायच्या, "दवर थंयच, मागीर पळोवया!" ते मागीर काही कधी आले नाही. पाच दिवस बॅग जमिनीवर, पलंगाच्या पायथ्याशी. वाकून कपडे काढायचे, वाकून ठेवायचे. सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या चवथीला तिने तोच प्रश्न मला विचारला. "वयनी, बॅग खंय दवरूं?" जिथे जन्मली त्या खोलीत तिला एक रिकामा खण नसावा, हे मला काही बरे वाटेना. म्हणून २०२५च्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, खोली करून घ्यायची ठरवली.

मेस्त आला, फूटपट्टी लावली आणि म्हणाला, भिंतभर वॉर्डरोब करूया, वर लॉफ्ट. नको म्हटले तर, "बाय, वॉर्डरोब नासतना गेस्ट रूम कसली?" मी त्याला हिशेब घालून दाखवला. हँगर आडवा टांगायचा तर कपाट दोन फूट खोल हवे. दहा फुटांतले दोन गेले. डबल बेड सव्वासहा फूट लांब. उरले पावणेदोन फूट, आणि दार उघडणार दीड फूट. म्हणजे दार उघडेल, पण उघडणारे माणूस पलंगावर उभे राहायला हवे. सरकते दार केले तरी एका वेळी अर्धेच कपाट दिसते, आणि पावसात लाकूड फुगले की तेही सरकत नाही. मग तो म्हणाला, पलंगाखाली स्टोरेज करूया. हे स्टोरेजचे पलंग मला मुळीच पटत नाहीत. पावणा झोपलेला असताना रजई काढायची तर काय त्याला उठवायचे? शिवाय जमिनीलगत बंद पेटी, म्हणजे दमटपणाला आमंत्रणच.

मुळात पावण्याला कपाट लागत नाही, रिकामी जागा लागते. आपण मोठे कपाट करतो ते पावण्याच्या नावाने, आणि महिन्याभरात ते आपल्याच कपड्यांनी भरते. पाच दिवसांच्या पावण्याकडे असते काय? रोजचे तीन-चार कपडे, दोन बऱ्यापैकी साड्या, पूजेचे रेशमी, आणि ओला तुवालो. यातला ओला तुवालो सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचा विचार कोणताही वॉर्डरोब करत नाही. सोवळ्याची गोष्ट आणखी वेगळी. चवथीला धुतलेले सोवळे बाकीच्या कपड्यांना लागता कामा नये, म्हणून जुन्या घरांत ते उंच दांडीवर, काठीने सारून वाळत घालत. कुणी त्याला कर्मठपणा म्हणो, पण वर छपराशी ऊब असते, तिथे कापड लवकर सुकते, हेही खरेच.

आणि आपल्याकडचा खरा मालक आहे दमटपणा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कापडावर बुरशी धरू लागते. जुलैत आपल्याकडे ती नव्वदीच्या आसपास असते. २०२५ची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे पावणे येणार ते ऐन बुरशीच्या हंगामात. चिऱ्यांच्या भिंती पाणी पितात, त्यात पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त. त्या भिंतीला टेकवून कपाट केले की मागचा प्लाय काळा पडलाच म्हणून समजा. डांबराच्या गोळ्या कसरीला पळवतात, बुरशीला नाही. पूर्वी लोक कपाटात कमी वॅटचा बल्ब पेटता ठेवायचे. तो उजेडासाठी नव्हे, उबेसाठी. आता एलईडी ठेवून उपयोग नाही, तिला ऊबच नाही, आणि जुना बल्ब कपड्यांना लागला तर आगीची भीती. साड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालणे हे तर सर्वांत वाईट. ओल आतच अडकते आणि जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळाव्या, वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी, पाऊस सरला की सावलीत वारा दाखवावा. रेशमाला थेट ऊन नको.

तर शेवटी आम्ही केले ते असे. पूर्वेकडच्या आतल्या भिंतीला, भिंतीपासून दोन इंच सोडून, फक्त पंधरा इंच खोल आणि चार फूट रुंद घडवंची. दारे नाहीत, सुती पडदा. खालून सहा इंच उचललेली, म्हणजे केरसुणी आत जाते आणि वाराही. कपडे आडवे न टांगता समोर तोंड करून टांगायचे, म्हणजे पंधरा इंच पुरतात. दोन खण, दोन्ही रिकामे. पलंगाच्या पायथ्याशी दीड फूट उंचीचे अरुंद बाक, बॅगेसाठी. भिंतीला पाच खुंट्या. त्यातल्या दोन मुद्दाम खाली, चार फुटांवर, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत खांदे धरलेलेच जास्त. खिडकीशी तुवाल्यासाठी दोरी. वर आढ्याला सोवळ्याची दांडी आणि कोपऱ्यात तिची काठी. मेस्त म्हणाला, हे तर आजीच्या काळचे झाले. पण करून दिले नीट.

लोखंडी कपाट रिकामे करायला नणंद आणि मी दोघी बसलो. त्यासाठी ती मुद्दाम दोन दिवस आली होती. खालचा पत्रा गंजून त्याचा डाग तीन साड्यांना लागला होता, बाकीच्या शाबूत. आम्ही साड्या फारशा बोलत न बसता वाटून घेतल्या. एक इरकल मात्र दोघीही एकमेकींकडे सरकवत राहिलो. शेवटी तिनेच ती माझ्या ढिगावर ठेवली. दाराचा आरसा मेस्ताकडून काढून भिंतीवर लावून घेतला. भंगारवाला कपाट न्यायला आला तेव्हा नवऱ्याला अचानक बाजारात काम निघाले.

चवथीला ती आली. काही विचारले नाही. बॅग बाकावर ठेवली, साड्या टांगल्या, तुवालो दोरीवर. पाच दिवस गेले. जायच्या दिवशी मी पडदा बाजूला केला तर वरच्या खणात तिच्या दोन साड्या घडी करून ठेवलेल्या. विसरली असेल म्हणून हाक मारली, तर म्हणाली, "हांगाच आसूं दी गो तीं, फुडले चवथीक जाय पडटलीं."

मी त्या मलमलीत गुंडाळून ठेवल्या आहेत. खालचा खण अजून रिकामा आहे. माघात जत्रेला नवऱ्याची मावसबहीण यायची आहे, तिला तेवढा पुरेल.