घरातल्या श्राविकेची साता

साधु-साध्वींना वंदन केल्यावर आपण त्यांची सुखसाता विचारतो. रात्र सुखाने गेली का, शरीराला काही बाधा नाही ना, तप निर्विघ्न चालले आहे ना, संयमयात्रा नीट सुरू आहे ना, असे एकेक अंग घेऊन आपण विचारतो. केवळ ‘बरे आहे ना?’ म्हणून आपण उठत नाही. शरीर, मन आणि दिनक्रम यांची वेगवेगळी विचारपूस केल्याखेरीज साता कळत नाही, ही समज आपल्या परंपरेत फार जुनी आहे. आधुनिक आरोग्यशास्त्र आपल्या वाटेने याच ठिकाणी येऊन पोहोचले आणि त्याने या विचारपुशीला ‘आरोग्याशी निगडित जीवनगुणवत्ता’ असे नाव दिले.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नसून शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या तिने केली. पण हे मोजायचे कसे? ताप मोजायला थर्मामीटर आहे. पाठदुखीने गेलेली झोप कशाने मोजणार? मार्ग एकच होता. जिचे जगणे, तिलाच विचारायचे. या संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत आणि ते गेल्या दोन आठवड्यांपुरतेच विचारले जातात. वेदनेमुळे काम अडले का, रोजच्या कामाला पुरेशी शक्ती होती का, झोपेविषयी समाधान आहे का, विसाव्याला सवड मिळाली का, आपल्या माणसांचा आधार वाटला का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. प्रत्येकासाठी पाच पर्यायांतून एक उत्तर निवडायचे. मग शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर अशा चार खात्यांत त्यांचे गुण मांडले जातात. रोजमेळातून खतावणी करणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटू नये.

१५ ते ४९ हे स्त्रीचे प्रजननक्षम वय मानतात. या वयातील स्त्रियांच्या बाबतीत हे मोजमाप विशेष गरजेचे आहे. पाळी, गर्भारपण, बाळंतपण, स्तनपान, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया हे सारे याच वर्षांतले. जन्म आणि मृत्यू यांची नोंद सरकारदरबारी होते. त्यांच्या मधले दिवस मात्र, म्हणजे कंबरदुखीचे, अंगावरून पांढरे जाण्याचे, अतिरक्तस्रावाचे, बाळंतपणानंतरच्या उदासीचे दिवस, कोणत्याच वहीत चढत नाहीत.

आमच्या वर्धेपासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने तेथे रुग्णालय सुरू झाले, ते प्रथम स्त्रिया व मुलांसाठीच. पुढे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. या महाविद्यालयाचे नवे विद्यार्थी आरंभी पंधरा दिवस आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथील घरोघरी जाते. रुग्णाने दवाखान्याची पायरी चढण्याची वाट न पाहता डॉक्टरने दारी जाऊन साता विचारावी, हा त्यामागचा संस्कार मला फार मोलाचा वाटतो.

दारी जाऊन विचारले म्हणजे काय दिसते, हे याच मातीशी नाते असलेल्या एका अभ्यासाने दाखवले. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक रोग आढळले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

हे खेड्यांतले, आपल्या घरांत असे कोठे असते, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सधन घरे त्यातून सुटलेली नाहीत.

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात दहा-बाराजणी बसलो होतो. ‘प्रकृती कशी आहे?’ असे मी विचारले, तेव्हा सर्वजणी ‘ठीक आहे’ म्हणाल्या. मग वर सांगितले तसे प्रश्न एकेक करून विचारले. थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक सूनबाई म्हणाली, “काकू, दुपारी अर्धा तास आडवी झाले, असा दिवस मला आठवतच नाही.” दुसरी दुकानात गल्ल्यावर बसते. ती मागाहून एकटीला गाठून म्हणाली, “पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत गिऱ्हाईक आले, तरी उठायची भीती वाटते.” तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन आठवर आले. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते निदान बारा हवे. गर्भाशयात गाठही निघाली. आज तिच्यावर उपचार चालू आहेत. ती चार वर्षे ‘ठीक’ होती.

या मोजमापाची मर्यादाही येथेच दिसते. दुखणे अंगवळणी पडले की तेच स्त्रीला सामान्य वाटू लागते, आणि ती आपल्या प्रकृतीला चांगले गुण देऊन मोकळी होते. म्हणून प्रश्न नेमका हवा, ठरावीक दिवसांपुरता हवा, आणि सासू किंवा पती समोर नसताना विचारलेला हवा. त्याच्या जोडीला रक्ताची तपासणीही हवी, कारण उत्तर आणि तपासणी एकमेकींची चूक दाखवतात.

आपल्या घरांत तपाला मोठे स्थान आहे आणि ते असावेच. परंतु तत्त्वार्थसूत्रातही तप सांगितले आहे ते शक्तीनुसार. रक्त कमी असलेल्या किंवा गर्भवती बहिणीने उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरच्यांनी तिला तसे म्हणण्याचे बळ द्यावे. पारण्याच्या व रोजच्या ताटात कडधान्ये, राजगिरा, अळीव, तीळ असावेत; वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते.

दुसऱ्याला दुःख देणे हे असातावेदनीय कर्माच्या बंधाचे कारण आहे, आणि जीवांविषयीची अनुकंपा हे सातेचे, असे आपण स्वाध्यायात वाचतो. त्या जीवांत आपल्या स्वयंपाकघरातली श्राविकाही येते. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होईल, त्या आठवड्यात घरातील प्रत्येक स्त्रीजवळ घटकाभर बसावे. गेल्या पंधरा दिवसांतली झोप, वेदना, शक्ती, मन आणि विसावा यांविषयी एकेक करून विचारावे. ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे, तारखेसह लिहून ठेवावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे.