लिपस्टिकला हो म्हण, ताई

प्रिय ताईस,


तुझ्या लेकीने येत्या बाराव्या वाढदिवसासाठी मेकअपचं सामान मागितलं आणि तू चक्क नाही म्हणालीस. फोनवर मी फारसं बोलले नाही, कारण ती शेजारीच बसली होती. म्हणून हे लिहिते आहे. सावकाश वाच आणि वाचून झालं की तिलाही दे.

'आपल्या वेळी असलं खूळ नव्हतं,' असं तू म्हणालीस. होतं की! गॅदरिंगला कोळीनृत्यात उभं करताना बाईंनी आपले गाल लाल केले होते, ओठ रंगवले होते, आणि रात्री घरी आल्यावर तो रंग धुवायला आपण दोघीही तयार नव्हतो. आपल्याकडे मूल पाळण्यात असल्यापासूनच नटवतात. तीट, काजळ, वाळे, पुढे बांगड्या, टिकली, मेंदी. बारा वर्षांच्या मुलीला ओठांना रंग लावावासा वाटला यात बिघडलं काय? तिचं लक्ष आता स्वतःच्या चेहऱ्याकडे जाऊ लागलं आहे, एवढंच. मोबाइलवरच्या रील्समुळे या वयात घाई जास्त होते, हे मला मान्य आहे. पण ती हौस रील्सनी पेरलेली नाही.

आणि तिच्या भोवती काय आहे तेही बघ ना. तुमच्या इंद्रलोक वसाहतीत एकेका मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय अशी सगळी घरं. नवरात्रात आवारात गरबा सुरू झाला की तिच्या मैत्रिणी घागरा-चोळी घालून, डोळे रेखून खाली उतरतात. गोल्डन नेस्टकडून नवघर रोडला निघालं की वाटेत कटलरीची दुकानं. तिला या सगळ्यापासून लांब ठेवता येणार नाही. घरातून नाही मिळालं तर ती मैत्रिणीची लिपस्टिक लावील, आणि ती कुठली, किती जुनी, कुणाकुणाच्या ओठांना लागलेली, हे तुला कधी कळणारही नाही.

मला खरी काळजी वाटली ती तू बोलता बोलता सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीची. पोर उन्हाने काळवंडली म्हणून पार्लरवालीने रंग उजळण्याचं क्रीम सुचवलं, आणि ते आणावं का, असं तू मला विचारलंस. लिपस्टिकला नाही म्हणताना तू क्षणभरही थांबली नाहीस, आणि या क्रीमबद्दल मात्र विचार करते आहेस. ताई, हे अगदी उलटं झालंय.

अकोल्याचं प्रकरण तुला आठवत असेल. एक कॉलेजात शिकणारी मुलगी एका स्थानिक ब्यूटिशियनने दिलेलं क्रीम लावत होती. रंग उजळलेला दिसला म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्याचं मूळ सापडलं, क्रीममधला पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि लावणाऱ्याला वाटतं, गुण आला. तोच पारा त्वचेतून आत मुरतो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे पारा मुद्दाम घालायला बंदीच आहे. डोळ्यांभोवती लावायच्या वस्तू सोडल्या, तर नकळत राहून गेलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही तिला कसला नियम? म्हणून आठवड्याभरात गोरं करतं असं कुणी सांगितलं की तिथूनच मागे फिरायचं.

आता सामानाचं. मोठी पेटी मुळीच घेऊ नकोस, त्या पंचवीस-तीस रंगांच्या स्वस्त पेट्या तर नकोच. पहिल्यांदा एक हलक्या रंगाचा लिप बाम घे आणि सणासमारंभासाठी एक फिकी लिपस्टिक. ओठांवर लावलेलं पोटातही जातं, म्हणून तिथे पैसे वाचवायचे नाहीत. फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट नकोत. या वयात तेलग्रंथी नुकत्या जाग्या होत असतात, त्यावर थर चढवला की रंध्रं बुजतात आणि मुरुमं येतात, मग ती मुरुमं झाकायला आणखी थर. नेलपॉलिशची हौस सुट्टीत भागव. ती नखं खाते, तेवढं बघ.

काजळाचा मोह तिला होणारच, डोळे आजीचे आहेत. पापणीच्या बाहेरून पेन्सिलीची बारीक रेघ चालेल, आतल्या कडेला नको. सुरमा तर घरात आणूच नकोस. पारंपरिक सुरम्यात शिसं असतं, आणि मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही. तुपाच्या दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळावर तुझा फार विश्वास आहे, पण तेही डोळ्यात घालू नये असंच डॉक्टर सांगतात. तिची पेन्सिल तिचीच. डोळे आले की ती पेन्सिल सरळ फेकून द्यायची.

टिकलीचं कुणी मनावर घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, त्वचारोगतज्ज्ञ हे बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत. रात्री टिकली काढायची, आणि खाज आली तर ती जात पुन्हा लावायची नाही.

दुकानात गेलीस की डबी उलटी करून तिच्याच हातात दे. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी, हे सगळं तिने मोठ्याने वाचायचं. परदेशी वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 12M असं दिसलं तर उघडल्यापासून बारा महिने, हे तिला शिकव. घरी आल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहायची, मगच चेहऱ्यावर. झोपण्याआधी खोबरेल तेलाने पुसून साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं. ज्या दिवशी धुवायचा कंटाळा केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मेकअप नाही, एवढा एकच कायदा कर.

तिला चेहऱ्यावर लावायची सिरमं हवी आहेत हेही कळलं. रेटिनॉल आणि ॲसिडांची ती सिरमं तिच्यासाठी नाहीत. कोवळ्या त्वचेची त्याने आग होते, सालं निघतात, ऊन जास्त बाधतं. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधदुकान-साखळीने 2024 मध्ये 15 वर्षांखालच्या मुलांना अशी तीव्र उत्पादनं पालकांच्या संमतीशिवाय विकणं बंद केलं. आपल्याकडे असं कुणी थांबवणार नाही, तुलाच थांबवावं लागेल. त्याऐवजी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घेऊन दे. उन्हाने काळवंडण्याची काळजी तुला असेल तर त्यावरचा उपाय तोच.

गॅदरिंग जवळ येतंय. तिथे एकच लिपस्टिक आणि एकच ब्रश अख्ख्या वर्गावर फिरतो. तिची लिपस्टिक आणि पेन्सिल पिशवीत घालून दे आणि बाईंना आधीच सांगून ठेव. इतर आयांनाही सांग, त्या ऐकतील.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. ती सावळी आहे. बाळंतिणीच्या खोलीतच कुणीतरी 'रंग येईल हळूहळू, डाळीचं पीठ लावा' म्हणालं होतं, आणि तेव्हापासून ते थांबलेलं नाही. 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये तिच्या नावातून 'फेअर' गेलं. कंपनीला जे नावातून काढावंसं वाटलं ते आपल्या घरातल्या बोलण्यातूनही जायला हवं. लिपस्टिकचा रंग निवडताना 'तुझ्या रंगाला हे शोभणार नाही' असं दुकानदार म्हणाला, किंवा आपल्यापैकीच कुणी म्हणालं, तर तिच्यासमोर त्याला तिथेच थांबव. विटकरी, डाळिंबी, जांभळट, तिला जे आवडेल ते लावून पाहू दे.

तेव्हा ताई, वाढदिवसाच्या आधी तिला घेऊन बाजारात जा. लिपस्टिक तिच्या पसंतीची घे, आणि त्या पार्लरवालीला क्रीम नको म्हणून स्वच्छ सांग.

तुझी,
धाकटी