हळदीचे फोटो सर्वांसाठी

फेब्रुवारी-मार्चात आखाडा बाळापूरच्या शिवारात हळदीची गडबड असते. कुकरमध्ये शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली की वाफेचे लोट उठतात आणि बाया हळकुंडं पसरायला लागतात. हे फोटो मी वर्षानुवर्षं काढत आलो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत ते दोन दिवस फिरायचे आणि मागं पडायचे. म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर ठेवू लागलो. २००४ पासून चालणारं हे मुक्त भांडार. विकिपीडियावरची बहुतेक छायाचित्रं तिथूनच येतात.

फोटो चढवणं सोपं, खरं काम नाव-गाव लिहिण्याचं. कॅमेऱ्यानं दिलेल्या आकड्यांवरून कुणाला काय सापडणार? मी नावातच ‘आखाडा बाळापूर’ लिहितो, वर्णन मराठीत आणि इंग्रजीत देतो, तारीख आणि वर्ग घालतो. ‘आखाडा’ गाळून चालतच नाही. अकोल्यातलं बाळापूर किल्ल्यासाठी आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीसाठी ओळखलं जातं, हैदराबादजवळचं गणपतीच्या लाडूच्या लिलावासाठी. एका स्वयंसेवकानं आमची हळद अकोल्याच्या वर्गात नेऊन ठेवली होती. ती मी कळमनुरी तालुका, हिंगोली जिल्हा असं स्पष्ट लिहून परत आणली. दुसऱ्या कुणीतरी त्याच फोटोला हळदीचं शास्त्रीय नाव जोडलं. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. पण माझ्या फोटोची एवढी काळजी घेणारा माणूस मला फार जवळचा वाटला.

परवान्याबाबत मात्र आधीच बोलावं लागतं. मी निवडलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात फोटो कुणीही वापरावा, धंद्यासाठीसुद्धा; फक्त श्रेय द्यावं आणि त्यात बदल केला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा. ‘व्यापारी वापर नको’ ही अट कॉमन्सवर चालत नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागं घेता येत नाही. हे मी शेतातल्या एका मावशींना सांगितलं.

“पैसे भेटतेत का रे बाबा?”

“मला नाही मावशी. पण दुसरा कुणी तुमचा फोटो छापून कमवू शकतो.”

“मंग तोंड नको काढू. हात काढ.”

हळदीनं पिवळे झालेले ते हात माझ्या साऱ्या संग्रहात मला सर्वांत आवडतात.

जुन्या फोटोंचं वेगळंच. जुना म्हणजे मुक्त, असं लोक धरून चालतात. आपल्या कायद्यात छायाचित्राचा हक्क आता काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. १९५८ च्या आधी काढलेली छायाचित्रं तेवढी मोकळी झाली आहेत. सध्या माझ्याकडे आठवडी बाजाराचा एक कृष्णधवल फोटो आहे. काढणारे गृहस्थ आता नाहीत, म्हणून त्यांच्या वारसांची लेखी संमती ईमेलनं कॉमन्सच्या स्वयंसेवकांकडे जायची आहे. घरचे आनंदानं तयार झाले. अडलंय ते सालावर: एक आजोबा तो बहात्तरच्या दुष्काळाआधीचा सांगतात, दुसरे नंतरचा. वर्णनात मी दोघांचंही म्हणणं लिहिणार आहे.