दुखरा खांदा

आमच्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतींत एखाद्या लेथचें बेअरिंग वाजूं लागलें, कीं मालक दुरुस्तीचा खर्च व नव्या यंत्राची किंमत शेजारीं मांडून निकाल देतो. मनुष्यदेहाविषयीं असा निकाल देतांना मात्र बुद्धि अडखळते. वारंवार दुखावणाऱ्या कबड्डीपटूस संघानें पुन्हा घ्यावें काय, या प्रश्नावर आमच्या वर्गांतील तरुणांत दोन तट पडतात. एक हिशेब सांगतो, दुसरा उपकार.

कोल्हापूर जिल्ह्यांतील चढाईपटु सिद्धार्थ देसाई यांचें उदाहरण पाहा. २०१८ सालीं यू मुंबा संघाकडून खेळून त्यांनीं नांव मिळविलें. २०१९ च्या लिलावांत तेलुगु टायटन्सनें त्यांच्याकरितां १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. डिसेंबर २०२१ मध्यें सुरू झालेल्या हंगामांत खांद्याच्या दुखापतीनें ते लवकरच बाहेर पडले, आणि २२ सामन्यांत त्या संघास अवघा एक विजय लाभला. तरीहि पुढील हंगामांत ते त्याच संघांत होते. २०२३ च्या लिलावांत हरियाणा स्टीलर्सनें त्यांना १ कोटीस घेतलें, व तो संघ मार्च २०२४ मध्यें अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.

एवढ्यावरून उपकारवाद्यांनीं हर्ष मानूं नये. चढाईपटु एकटा सात जणांत शिरतो; पकड झाली कीं सारा ताण खांद्यावर व गुडघ्यावर येतो. एकदां निखळलेला सांधा पुन्हा निखळण्याची भीति अधिक असते, हें वैद्यहि सांगतात. शिवाय बाकावर बसून राहिलेल्या खेळाडूमुळें एखाद्या होतकरू मुलाची जागा अडते.

आमच्या मतें या हानीची वांटणी व्हावी. खांदा दुखावला तो संघासाठीं. तेव्हां त्याचा भार एकट्या खेळाडूनें कां वाहावा? आणि संघानें तरी आपलें सर्वस्व एका खांद्यावर कां टांगावें? मानधन कमी ठरवावें, परंतु उपचारांची व विश्रांतीची हमी द्यावी. त्यास सलग सामने खेळवूं नयेत, आणि जोडीला तरुण चढाईपटु तयार ठेवावा. एवढें करण्याची तयारी असलेल्या संघानें त्यास अवश्य घ्यावें. ज्याची नसेल त्यानें मोकळ्या मनानें निरोप द्यावा. हंगाम तीन महिन्यांत संपतो. खेळाडूस त्याच खांद्यानें पुढील सारें आयुष्य काढावयाचें असतें.