चंदिगडमध्ये भेटली आमची मंडळी

दिल्लीहून सकाळी निघालेली शताब्दी साडेतीन तासांत चंदिगडला पोहोचली. सगळे उतरू लागले, पण माझा पाय जागचा हलेना. हे म्हणाले, "अगं, उतर! भेटायला आलीस की भांडायला?"

तसे म्हणायला कारण होते. नऊ वर्षांपूर्वी मास्तर आणि वहिनी आमचे नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सोडून इथे आले. मास्तर निवृत्त झालेले. एकुलती मुलगी इथल्या पीजीआय रुग्णालयात परिचारिका, तिचे मूल तान्हे. त्यांना येणे भागच होते. पण आमच्या मंडळीच्या गायनाची सारी भिस्त या दोघांवर! बावीस वर्षे मास्तरांनी पेटी वाजवली आणि वहिनी व मी शेजारी उभ्या राहून गायलो. नाताळ महिन्यावर आलेला असताना ते निघाले, तेव्हा मी सर्वांदेखत बोलून गेले, "मंडळी म्हणजे काय धर्मशाळा आहे?" निरोप द्यायला स्टेशनवरही गेले नाही. दर नाताळाला त्यांचे पत्र येई. मी एकाचेही उत्तर दिले नाही.

फलाटावर दोघेही उभे होते. वहिनींनी माझे हात धरले. "ताई, किती वाळलात हो!" एवढेच म्हणाल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. त्यामुळे मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

घरी जाताना मास्तर रिक्षातून शहर दाखवत होते. इथे पत्त्यात पेठ किंवा आळी नसते, सेक्टरचा आकडा असतो. एकेक सेक्टर साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. प्रत्येकात दुकाने, शाळा आणि बाग. १९४७ मध्ये लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. १९५१ पासून ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने आराखड्याचे काम हाती घेतले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले.

"इथली मूळची गावं सोडली, तर बाकी सगळे बाहेरून आलेले," मास्तर म्हणाले. "त्यामुळे कुठून आलात ते विचारतात, का आलात ते कुणी विचारत नाही."

तो टोला मला होता की नाही, कोण जाणे!

दुपारी रॉक गार्डन पाहिले. फाळणीत गाव सुटलेले नेकचंद हे इथे रस्ते-निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांचे तुकडे गोळा करून त्यांनी सरकारी जंगलात कितीतरी वर्षे गुपचूप ही नगरी रचली. १९७६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बांगड्यांच्या तुकड्यांची बाहुली पाहताना वहिनी म्हणाल्या, "ताई, माझ्या हातून तुमची हिरवी बरणी फुटली होती, आठवतं?" आम्ही दोघी खूप हसलो.

संध्याकाळी सुखना तलावाच्या बांधावर फिरताना मी धीर करून म्हटले, "वहिनी, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"हो, बोललात," त्या म्हणाल्या. "मी गाडीत मनमाडपर्यंत रडले. पण पत्रं लिहायचं थांबवलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार. त्यांच्या चर्चमध्ये उपासना हिंदीतून झाली आणि मग पेटी-ढोलकवर पंजाबी जबूर सुरू झाले. जबूर म्हणजे स्तोत्रे. सियालकोटचे पाद्री इमामुद्दीन शाहबाज यांनी दीडशेच्या दीडशे स्तोत्रे पंजाबी पद्यात आणली. काम चालू असतानाच त्यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी ते तडीस नेले. देशी चालींवरची ही गाणी फाळणीनंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना उरली. साधारण त्याच काळात आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक अभंगाच्या वळणाने ख्रिस्ती भजने लिहीत होते. वहिनी जबूर इतक्या सहज म्हणत होत्या, की मला क्षणभर मत्सरच वाटला.

तेवढ्यात मास्तरांनी पेटीवर ओळखीचे सूर धरले आणि समोरची सारी पंजाबी माणसे टिळकांचे भजन मराठीत म्हणू लागली! 'ळ' चा 'ल' होत होता, पण एक ओळ चुकली नाही. मी गायला तोंड उघडले, तर आवाजच फुटेना.

नंतर तिथले पाळकसाहेब म्हणाले, "आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये तुमच्या नागपुरातच स्थापन झालं. मग मास्तर परक्या मंडळीत कसे गेले?" नऊ वर्षांत ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

परतताना मास्तरांनी विचारले, "तिकडे पेटी कोण वाजवतं?"

"तुमचाच एक विद्यार्थी."

"त्याला एक स्वर खाली धरायला सांगा. तुमचा आवाज आता उतरलाय."

चंदिगडला जायचे तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मात्र डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. माझ्या पिशवीत वहिनींनी देवनागरीत उतरवून दिलेले एक जबूर आहे. यंदाच्या नाताळात आमची मंडळी ते म्हणणार आहे. आमचे उच्चार चुकतील, पण तसे पत्रात आधीच कळवून टाकले आहे.